एक डबा वर, एक डबा खाली

देवस्थान उंचावर असावे आणि भक्ताने तेथवर पायी जावे, ही आपल्याकडील फार जुनी रीत आहे. जेजुरीचा खंडोबा गडावर, जोतिबा डोंगरावर आणि सप्तशृंगीची देवी तर उभ्या कड्याच्या कपारीत. वय लहान असते तोवर ह्या पायऱ्यांचे काही वाटत नाही. मुले तर धावतच वर जातात. साठी उलटली, गुडघे कुरकुरू लागले, म्हणजे मात्र प्रत्येक पायरी मोजून चढावी लागते. पुढे एक वर्ष असे येते की, घरची सारी मंडळी वर जातात आणि वडीलधारे माणूस पहिल्या पायरीला हात लावून, तेथूनच वर पाहून नमस्कार करते व सर्वांच्या चपला सांभाळीत खाली बसून राहते. ज्याने घरातल्या सर्वांना देवदर्शनाची गोडी लावली, त्यालाच शेवटी दर्शन दुर्लभ व्हावे, ही गोष्ट मनाला लागते.

भोपाळच्या रायसेन रस्त्यावर आनंद नगर नावाची वस्ती आहे. तेथे राहणारे एखादे मराठी कुटुंब आपण डोळ्यांपुढे आणू. आजोबा मूळचे खानदेशातले. तरुणपणी भोपाळच्या हेवी इलेक्ट्रिकल्स कारखान्यात नोकरीस लागले आणि तेथेच स्थायिक झाले. मुले-नातवंडे आता भोपाळी हिंदी सफाईने बोलतात. पण घरची कुलदेवता मात्र नाशिक जिल्ह्यातील सप्तशृंगी. नवे लग्न झाले, घरात पाळणा हलला, की वणीच्या गडावर जाऊन यावयाचे, हा कुळाचार. आजीचा नेम गुडघ्यांमुळे कित्येक वर्षे खंडित झाला होता. आता गडावर ट्रॉली झाली आहे असे कळल्यावर तिने निघण्याचा आग्रह धरला, यात नवल नाही.

भोपाळकरांना डोंगरावर नेणारे यंत्र अगदीच अनोळखी नाही. सिहोर जिल्ह्यातील सलकनपूरच्या विजयासन देवीला हजारावर पायऱ्या आहेत आणि तेथे हवेतून जाणारा पाळणा आहे. तारेवर लोंबकळत जाणाऱ्या त्या वाहनाला तिकडे ‘उडनखटोला’ म्हणतात. गडावरची ट्रॉली तशीच असेल, अशी आजीची समजूत. परंतु ती तशी नाही. पाळणा तारेला टांगलेला असतो व त्याच्या पायाखाली पोकळी असते. ट्रॉलीची चाके मात्र रुळांवर टेकलेली असतात. दोर तिला टांगीत नाही, केवळ ओढतो आणि आवरतो. ह्या प्रकारच्या रेल्वेला फ्युनिक्युलर असे नाव आहे. लॅटिन भाषेत ‘फ्युनिक्युलस’ म्हणजे बारीक दोर. त्यावरून हे नाव पडले. दोर हाच ह्या गाडीचा प्राण आहे, हे नावातच सांगून टाकले आहे.

भोपाळहून निघालेली गाडी इटारसी, खंडवा, भुसावळ, मनमाड करीत नाशिक रोडला येते. तेथून दिंडोरी, वणी या मार्गाने सुमारे साठ-पासष्ट किलोमीटरांवर गड आहे. पायथ्याच्या नांदुरी गावापासून घाट सुरू होतो व मोटारीचा रस्ता गडावरील गावापर्यंत जातो. पण गाव म्हणजे देऊळ नव्हे. साडेतीन शक्तिपीठांपैकी अर्धे पीठ मानले गेलेले हे स्थान गावाच्याही वर, काळ्या कड्यात आहे. अठरा भुजांची ती मूर्ती पाहावयाची तर सुमारे पाचशे पायऱ्या चढाव्या लागतात. अठराव्या शतकात उमाबाई दाभाडे यांनी ह्या पायऱ्या बांधविल्या, असे सांगितले जाते. चैत्रात खानदेशातून पायी येणारे यात्रेकरू आणि नवरात्रातील गर्दी ह्या पायऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या पाहिली आहे. त्यांच्या शेजारून जुलै २०१८ पासून रुळांवरची ही ट्रॉली ये-जा करू लागली. दोन डबे, आणि प्रत्येकात साठ माणसांची सोय.

डब्यात पाऊल टाकताच पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही की, फ्युनिक्युलरच्या डब्याची घडण नेहमीच्या आगगाडीसारखी नसते. आगगाडीचा डबा तसाच चढावर उभा केला तर आतील माणसे मागच्या भिंतीवर जाऊन पडतील. म्हणून फ्युनिक्युलरचा डबा तिरप्या सांगाड्यावर, जिन्याप्रमाणे टप्प्याटप्प्याने बांधतात. बाहेर डोंगर तिरपा असतो, आत मात्र प्रत्येक टप्प्याची जमीन सपाट असते. आजी काठी टेकून सरळ उभी राहू शकते, ती ह्यामुळे. दार लागते, घंटी होते, आणि डबा हलकेच वर सरकू लागतो. पायऱ्या खाली खाली जातात, गावातील घरे लहान होतात. अर्ध्या वाटेवर समोरून दुसरा डबा येतो, क्षणभर शेजारी दिसतो आणि खाली निघून जातो. दोन्ही डब्यांतील मुले एकमेकांना हात हलवितात. काही मिनिटांत वरचे स्थानक येते.

नेमक्या ह्याच वेळी आजी डबा चालविणाऱ्या माणसाला विचारते, “का रे बाबा, हा दोर तुटला तर?” सारे हसतात. नातू म्हणतो, “आजी, देवीच्या दारात असे अभद्र कशाला बोलतेस?” वास्तविक त्या डब्यात विचारला गेलेला सर्वांत शहाणपणाचा प्रश्न तोच होता. त्याचे उत्तर समजून घ्यावयाचे तर आधी हे यंत्र कसे चालते ते पाहिले पाहिजे.

साधी आगगाडी फार मोठा चढ चढू शकत नाही. लोखंडी चाक आणि लोखंडी रूळ यांच्यातील पकड मर्यादित असते. चढ वाढला की चाक जागच्या जागी फिरू लागते. १८६३ साली पुऱ्या झालेल्या बोरघाटात रेल्वेचा कमाल चढ सदतीस फुटांस एक फूट इतकाच ठेवावा लागला. नेरळ-माथेरानची छोटी गाडी १९०७ साली सुरू झाली. तिचा चढ वीस फुटांस एक फूट, आणि त्यासाठी तिला डोंगरभर वळसे घेत सुमारे वीस किलोमीटर फिरावे लागते. फ्युनिक्युलर मात्र शंभर फुटांस चाळीस-पन्नास फूटही सरळ चढते. कारण तिची चाके तिला वर नेतच नाहीत. त्यांचे काम केवळ वाट धरून राहण्याचे. वर नेतो तो दोर.

पण दोराने ओढणे एवढेच ह्या यंत्राचे मर्म नव्हे. जुन्या वाड्यातील आडावर एकाच दोराच्या दोन टोकांना दोन पोहरे बांधलेले पुष्कळांनी पाहिले असतील. एक रिकामा खाली जातो तेव्हा दुसरा भरलेला वर येतो. पोहऱ्यांचे वजन परस्परांत फिटते, आणि ओढणाऱ्याला केवळ पाण्याचा भार पेलावा लागतो. मोटेचे बैलही विहिरीपासून दूर जाताना उताराच्या धावेवरून खाली उतरतात. त्यांचे स्वतःचे वजन पाणी वर काढण्याच्या कामी येते. आपल्या शेतकऱ्याने ही युक्ती ग्रंथ न वाचता आत्मसात केली होती. फ्युनिक्युलर ही तिचीच थोरली बहीण. डोंगराच्या माथ्यावर मोठे चाक, त्यावरून गेलेला पोलादी दोर, आणि दोराच्या दोन टोकांना दोन डबे. उतरणारा डबा चढणाऱ्याला वर खेचतो.

समजा, वर जाणाऱ्या डब्यात साठ माणसे आहेत आणि खाली येणाऱ्यात वीस. डबे सारख्या वजनाचे असल्याने त्यांचा भार परस्परांत फिटला. वीस माणसांनी वीस माणसांना तोलून धरले. राहिली चाळीस. माणशी साठ किलो धरले तर चोवीसशे किलोंचा फरक. वरच्या विजेच्या यंत्राने तेवढाच भार ओढावयाचा. शिवाय थोडेसे घर्षण आणि दोराचे स्वतःचे वजन. सकाळी भाविक वर जात असतात तेव्हा यंत्राला काम अधिक पडते. उलट संध्याकाळी वरून भरलेले डबे उतरू लागले, म्हणजे यंत्राला ओढावे न लागता उलट आवरून धरावे लागते. तेव्हा खाली येणारा प्रत्येक यात्रेकरू, त्याला ठाऊक नसले तरी, कोणा अनोळखी माणसाला देवीकडे नेत असतो.

दोन डबे वाटेत एकमेकांना चुकवितात कसे, हाही प्रश्न लहान मुलांना पडतो. त्यासाठी सगळ्या वाटेवर दोन मार्ग टाकावे लागत नाहीत. दोर एकच असल्याने डबे नेमके मध्यावरच भेटतात; तेव्हा तेवढ्याच जागी वाट दुहेरी केली म्हणजे पुरे. मग तेथे सांधा बदलणारा माणूस नको काय? रोमान आब्ट ह्या स्विस अभियंत्याने ही अडचण सुंदर रीतीने सोडविली. त्याने एका डब्याच्या डाव्या बाजूच्या चाकांना आत-बाहेर दोन्हीकडे कडा ठेवल्या, म्हणजे ती चाके डावा रूळ सोडूच शकत नाहीत. उजवीकडची चाके सपाट व रुंद ठेवली. दुसऱ्या डब्याची रचना बरोबर उलट. परिणाम असा की, एक डबा नेहमी डावीकडून जातो व दुसरा उजवीकडून. सांध्यात हलणारा भागच नाही. तेव्हा तो अडकावयाचा नाही आणि चुकावयाचाही नाही. स्वित्झर्लंडमधील गीसबाख येथे १८७९ साली ही रचना प्रथम आली आणि तेथून ती जगभर पसरली.

ह्या रेल्वेचा इतिहास त्याहूनही जुना आहे. ऑस्ट्रियातील साल्झबुर्गच्या किल्ल्यावर सामान नेणाऱ्या अशा मार्गाचा उल्लेख १५१५ सालचा आहे. तेव्हा रूळ लाकडी, दोर तागाचा, आणि ओढणारी माणसे किंवा जनावरे. तागाच्या दोरावर माणसांचे जीव सोपविणे धोक्याचेच होते. १८३४ साली जर्मनीतील हार्ट्‌झ पर्वताच्या खाणींत विल्हेल्म आल्बर्ट ह्या अधिकाऱ्याने लोखंडी तारा पिळून दोर तयार केला, आणि चित्र पालटले. साखळीची एक कडी तुटली की सारेच तुटते. तारेच्या दोरात एखादी तार तुटली तरी उरलेल्या तारा भार पेलतात व धोक्याची सूचनाही मिळते. पुढे १८६२ साली फ्रान्समधील लियाँ शहरात विणकरांच्या टेकडीवर लोकांना नेणारी फ्युनिक्युलर सुरू झाली. नंतर इस्तंबूल, लिस्बन, हाँगकाँग अशा चढउतारांच्या शहरांनी तिचा अंगीकार केला.

ह्या साऱ्यांत आपल्या विषयाला सर्वांत जवळची म्हणजे पोर्तुगालातील ब्रागा शहराजवळची. तेथील टेकडीवर बॉम जीझस नावाचे प्रसिद्ध तीर्थस्थान आहे. गोव्यातील त्याच नावाचे चर्च अनेक वाचकांनी पाहिले असेल. ब्रागाच्या टेकडीवर जाण्यास पाचशेहून अधिक पायऱ्या आहेत, आणि श्रद्धाळू लोक त्या प्रार्थना करीत चढतात. धर्म वेगळा, देश वेगळा, पण पायऱ्यांची संख्या आणि म्हाताऱ्या गुडघ्यांचे दुखणे मात्र सारखेच. तेथे मार्च १८८२ मध्ये फ्युनिक्युलर सुरू झाली, आणि ती आजही पाण्यावर चालते. वाट २७४ मीटर लांब असून ती सुमारे ११६ मीटर उंच चढते. वरच्या डब्याखाली टाकी असते. तीत पाणी भरतात. खाली किती माणसे वाट पाहत आहेत हे वर कळविले जाते व तितक्या प्रमाणात पाणी घेतले जाते. पाण्याने जड झालेला डबा खाली येतो, माणसांनी भरलेला वर जातो. खाली आल्यावर पाणी सोडून देतात. ना कोळसा, ना वीज. रुळांच्या मधोमध एक दातेरी पट्टी आहे. तिचा उपयोग वर चढण्यासाठी नसून उतरणाऱ्या डब्याचा वेग आवरण्यासाठी आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण आजीच्या प्रश्नाचे उत्तर तिच्यातच आहे.

आपल्या देशात सप्तशृंगीची ट्रॉली पहिलीच, असे पुष्कळदा ऐकू येते. महाराष्ट्रापुरते ते मानावयास हरकत नाही. परंतु तमिळनाडूतील पळनीच्या टेकडीवर मुरुगन देवाच्या दर्शनास जाणारे यात्रेकरू १९६६ सालापासून दोराने ओढल्या जाणाऱ्या रुळांवरील डब्यांतून वर जात आहेत. तेथे त्याला ‘विंच’ म्हणतात. त्याच्याही आधी, हिमाचल प्रदेशात जोगिंदरनगरच्या वीजकेंद्राच्या उभारणीसाठी १९३०च्या सुमारास दोराने ओढावयाची ट्रॉली डोंगरावर घातलेली होती. मात्र तिचे मुख्य काम बांधकामाचे सामान व कामगार नेण्याचे.

आता आजीचा प्रश्न. दोर तुटला तर?

हा प्रश्न काल्पनिक नाही. लिस्बन शहरात ग्लोरिया नावाची फ्युनिक्युलर १८८५ साली सुरू झाली. ती शहराचे भूषण मानली जाई. परगावचा पाहुणा आला की तिच्यात बसल्यावाचून राहत नसे. ३ सप्टेंबर २०२५ रोजी संध्याकाळी तिच्या वरच्या डब्याला जोडलेला दोर जोडाच्या जागी निसटला. डबा उतारावरून सुसाट खाली आला, वळणावर रूळ सोडून एका इमारतीवर आदळला. सोळा माणसे प्राणास मुकली. चालकाने ब्रेक लावले होते. पण ते पुरे पडले नाहीत. पुढे झालेल्या प्राथमिक चौकशीत तीन गोष्टी आढळल्या. वापरलेला दोर प्रवासी वाहतुकीसाठी प्रमाणित केलेला नव्हता. त्याच दिवशी सकाळी तपासणी झाली होती व तीत काही दोष दिसला नव्हता. कारण दोर जेथे निसटला ती जागा डबा उलगडल्यावाचून दिसतच नव्हती. आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: दोराचा तोल गेल्यावर एकट्या डब्याला थोपविण्याचे सामर्थ्य ब्रेकमध्ये नव्हते.

ह्यातून निघणारा बोध स्पष्ट आहे. दोन डब्यांचा परस्परांवरील तोल ही ह्या यंत्राची शोभा आहे, काटकसरही आहे. पण सुरक्षितता मात्र त्या तोलावर अवलंबून ठेवता येत नाही. दोर असतो तोवर खालचा डबा वरच्याचा सोबती असतो. दोर गेला की दोघेही एकटे. त्या क्षणी प्रत्येक डब्याला स्वतःच्या बळावर उभे राहता आले पाहिजे. म्हणून चांगल्या फ्युनिक्युलरमध्ये वरच्या यंत्राला ब्रेक असतात, तसे डब्यालाही असतात. दोर सैल पडला किंवा वेग मर्यादेबाहेर गेला की कोणाच्याही हुकुमाची वाट न पाहता ते रुळाला चिमट्यासारखे पकडतात. ब्रागाच्या जुन्या दातेरी पट्टीमागील विचार हाच होता. आणि हे ब्रेक आहेत एवढ्याने भागत नाही. भरलेल्या डब्याइतके वजन ठेवून, दोराचा आधार नसल्याप्रमाणे, ते वेळोवेळी पारखून पाहावे लागतात.

आनंद नगरच्या आजोबांना हे सांगावे लागणार नाही. ज्याने कारखान्यात यारीखाली आयुष्य काढले, त्याला ठाऊक असते की दोराचेही वय असते, वंगण असते आणि निवृत्तीही असते. वरून चकचकीत दिसणारा दोर आतून कुजलेला असू शकतो. म्हणूनच तो ठरलेल्या मुदतीत बदलावा लागतो, मग तो कितीही धडधाकट दिसो. डोळ्यांनी होणारी तपासणी रोजची. पण जी जागा डोळ्यांना दिसत नाही तिची तपासणी यंत्र थांबवून, सुटे करून करावी लागते. त्या दिवशी ट्रॉली बंद राहते. लांबून आलेला यात्रेकरू अशा वेळी संतापतो. एवढे भाडे खर्चून आलो आणि हे लोक यंत्र उघडून बसले, असे म्हणतो. खरे पाहता त्या दिवशी ट्रॉली बंद आहे म्हणूनच ती उद्या निर्धास्तपणे चालणार आहे. बंदची पाटी पाहून रागावण्याऐवजी, वर्षातून एकदाही बंद न राहणाऱ्या ट्रॉलीचीच काळजी आपण अधिक केली पाहिजे.

प्रवाशाकडेही काही कर्तव्ये येतात. साठांच्या डब्यात सत्तर माणसे कोंबण्याचा आग्रह धरू नये. दार लागताना हात घालू नये. तिकिटाच्या रांगेत धडधाकट तरुणांनी मागे राहून म्हाताऱ्यांना, अपंगांना आणि लेकुरवाळ्या बायांना पुढे जाऊ द्यावे. कारण हे साधन मुळात त्यांच्यासाठी आहे. ज्याचे पाय शाबूत आहेत त्याला पायऱ्या मोकळ्याच आहेत. ट्रॉली झाली म्हणून पायऱ्यांचे पुण्य आटले नाही, आणि ट्रॉलीने गेले म्हणून भक्तीत उणेपणा येत नाही. देवळापर्यंत कसे पोहोचलो हा प्रश्न पायांचा आहे. तेथे कशासाठी आलो हा मनाचा.

वरच्या स्थानकातून बाहेर पडल्यावर कडा समोर उभा असतो. आनंद नगरची आजी काठी टेकीत, सुनेच्या आधाराने चार पावले जाते आणि कित्येक वर्षांनी देवीचे मुख पाहते. डोळे भरून येतात. घरचे सारे बाजूला सरकून तिला थोडी जागा करून देतात. दर्शन आटोपून ती परतीच्या डब्यात बसते. आता तिचा डबा खाली निघालेला असतो आणि त्याच दोराच्या दुसऱ्या टोकाला कोणा दुसऱ्या घरची आजी वर येत असते. मध्यावर दोन्ही डबे क्षणभर शेजारी येतात. ती आजी हिला ओळखत नाही, ही तिला ओळखत नाही. पण हिच्या वजनाने ती वर चढत असते. आणि त्या दोघींच्याही जिवाची राखण, रात्री यंत्र थांबल्यावर हातात दिवा घेऊन दोराची तार न् तार पाहणारा, ज्याचे नाव दोघींनाही ठाऊक नाही असा कोणी एक कामगार करीत असतो. देवीला हात जोडताना त्याचीही आठवण ठेवावी.